क्लॉकचं आजोळ

आयर्लंडमधल्या ग्लेन्डालॉखला संत केविन यांनी सहाव्या शतकात वसवलेल्या मठाचे अवशेष पाहताना नजर ठरते ती ३० मीटर उंच गोल मनोऱ्यावर. दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर! लुटारूंपासून बचावासाठी, असं रंगवून सांगितलं जातं. पण आयरिशमध्ये अशा मनोऱ्याचं नाव साधं आहे, ‘घंटाघर’. त्या आयरिश नावातला ‘क्लॉग’ म्हणजे घंटा. तीही टांगलेली नव्हे. लोखंडी पत्रा वळवून, वर काशाचा मुलामा दिलेली, हाताने वाजवायची. आयरिश धर्मप्रसारकांबरोबर हा शब्द युरोपभर गेला असावा. लॅटिनमध्ये ‘क्लोका’, जर्मनमध्ये ‘ग्लोके’ आणि इंग्रजीत ‘क्लॉक’. प्रार्थनेची वेळ घंटाच सांगायची ना! आपला ‘तास’ही मुळात टोल देण्याची काशाची थाळीच.