शून्य म्हणजे 'खोटं' का? प्रत्येक संगणक भाषेचं उत्तर वेगळं

अट खरी की खोटी, यावर प्रोग्रामची पुढची वाट ठरते. इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात या तर्काचं बीजगणित मांडलं. त्यांच्यावरूनच या मूल्यांना 'बूलियन' म्हणतात.

मात्र खोटं कशाला धरायचं, यावर भाषांचं एकमत नाही. 'सी'मध्ये शून्य खोटं, बाकी कुठलाही आकडा खरा. तिला स्वतंत्र बूलियन प्रकार मिळाला तो १९९९ च्या प्रमाणकात. पायथॉनमध्ये शून्यासोबत रिकामी यादी आणि कोरा मजकूर हेही खोटंच. रुबीत शून्य चक्क खरं; तिथे फक्त 'फॉल्स' आणि 'निल' खोटे. जावा तर अटीच्या जागी आकडा चालवूनच घेत नाही. अवतरणात लिहिलेलं शून्य जावास्क्रिप्टला खरं, पीएचपीला खोटं.

हा फरक विसरला की हिशेब चुकतो. खतावणीत शून्य शिल्लक आणि कोरा रकाना एक नव्हे, हे कुठलाही हिशेबनीस सांगेल. पण पायथॉनमध्ये 'रक्कम असेल तर' एवढीच अट लिहिली, तर शून्य रक्कम आणि न भरलेली रक्कम एकाच मापाने मोजली जाते. म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारावेत: रक्कम भरली आहे का? आणि भरली असेल, तर ती शून्य आहे का?