‘काही नाही’ म्हणणाऱ्या बाईची गोष्ट

बचत गटाच्या बैठकीत एखादी गप्प बसली, की आम्ही विचारतो, “काय गं, कसला विचार करतेस?” ती म्हणते, “काही नाही.” पण तेवढ्यात तिच्या मनात कर्जाचा हप्ता, लेकीची फी, सासूबाईंची गोळी, माहेरच्या अंगणातला पाऊस, असं सगळं येऊन गेलेलं असतं. हे ‘काही नाही’ कादंबरीत कसं आलं, ते आज सांगतो.

१८९० साली विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लिहिलं, की विचार साखळीच्या कड्यांसारखे सुटे नसतात, ते नदीसारखे वाहतात. मराठीत याला ‘संज्ञाप्रवाह’ म्हणतात. तोवर बहुतेक कादंबऱ्यांत लेखक बाहेर उभा राहून गोष्ट सांगायचा. बाई काय बोलली, कुणाशी लग्न झालं, हे कळायचं. भाजी चिरताना तिच्या मनात काय चाललं होतं, ते क्वचितच.

इंग्लंडमध्ये १८७३ साली डोरोथी रिचर्डसन जन्मली. वडिलांचा पैसा बुडाला, म्हणून सतराव्या वर्षी ती जर्मनीत हॅनोव्हरला मुलींच्या शाळेत शिकवायला गेली. पुढे आई गेली. मग लंडनमध्ये दातांच्या दवाखान्यात नोकरी केली, पगार आठवड्याला एक पाउंड. १९१५ साली तिची ‘पॉइंटेड रूफ्स’ ही कादंबरी आली. तिची नायिका मिरियम हेंडरसनही सतरा वर्षांची, जर्मनीला निघालेली. सगळं पुस्तक मिरियमच्या मनातून लिहिलेलं आहे. तिला जे दिसलं नाही, कळलं नाही, ते वाचकालाही कळत नाही. पुढच्या भागांत मिरियम दवाखान्यात नोकरी करते, भाड्याच्या खोलीत राहते. अशा साध्या नोकरदार मुलीचं मन पुस्तकभर पुरेल एवढं मोठं आहे, हे डोरोथीने दाखवलं.

१९१८ साली मे सिंक्लेअर या लेखिकेने तिच्या पुस्तकांवर लिहिताना जेम्सचा तो ‘प्रवाह’ शब्द वापरला आणि साहित्यात तो रुळला. गंमत म्हणजे डोरोथीला स्वतःला तो आवडला नाही!

१९२२ साली जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ आली. डब्लिन शहरातला एकच दिवस, १६ जून १९०४. शेवटच्या प्रकरणात मॉली अंथरुणात जागी आहे आणि तिचे विचार जवळजवळ विरामचिन्हांशिवाय वाहतात. १९२५ साली व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ आली. त्यातही एकच दिवस. घरी पार्टी आहे, बाई फुलं आणायला निघते आणि मनाने सारं तारुण्य फिरून येते. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ मध्ये ‘रात्रीचा दिवस’ याच पद्धतीने लिहिली.

वुल्फने १९२९ मध्ये एक हिशेबही मांडला : बाईला लिहायचं असेल, तर वर्षाला ५०० पाउंड आणि स्वतःची खोली हवी. मैत्रिणींनो, डोरोथीचा दवाखान्यातला पगार वर्षाला ५२ पाउंड होत होता. काळ थोडा आधीचा, तरी फरक केवढा! पुढेही ती भाषांतरं आणि लेख लिहून पोट भरत राहिली आणि तेरा भागांची आपली ‘पिलग्रिमेज’, म्हणजे तीर्थयात्रा, लिहीत राहिली. १९५७ मध्ये ती गेली, शेवटचा भाग १९६७ मध्ये छापला गेला. जॉइस आणि वुल्फचं नाव जगभर झालं. वाट आधी पाडणारी डोरोथी मात्र मागे राहिली.

गटात आम्ही रुपया-रुपयाची नोंद ठेवतो, कारण नोंद नसली की बाईची बचत कुणी मोजत नाही. मनाचंही तसंच आहे. आज भांडी आवरली, की वहीच्या मागच्या पानावर मनात येईल ते पाच ओळी लिहा. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवूही नका. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर ‘काही नाही’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा.