फोक्सवॅगन बीटलमधील वातानुकूलन

फोक्सवॅगन बीटल या जर्मन बनावटीच्या लहान मोटारीत मागाहून बसवण्यात येणाऱ्या शीतकरण यंत्रणेस बीटलमधील वातानुकूलन असे म्हणता येईल. १९३८ ते २००३ या काळात २ कोटी १५ लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या. या मोटारीची मूळ रचना वातानुकूलन गृहीत धरून झालेली नव्हती. तिचे इंजिन मागील बाजूस असते, ते पाण्याऐवजी हवेने थंड होते आणि त्याची शक्तीही बेताचीच असते. त्यामुळे अशी यंत्रणा बसवताना इंजिनाची शक्ती, उष्णतेचा निचरा, वीजपुरवठा आणि जागा या चारही बाबींचा समतोल नव्याने साधावा लागतो. हा समतोल न साधता केवळ कॉम्प्रेसर जोडल्यास आतील हवा थंड होते, परंतु इंजिनाचे आयुष्य घटते.

पार्श्वभूमी

मोटारीत यांत्रिक वातानुकूलन देण्याचा मान अमेरिकेतील पॅकार्ड या कंपनीकडे जातो. तिने १९४० च्या प्रारूपांत ही सोय ग्राहकांसमोर ठेवली. त्या काळात ती मोठ्या इंजिनाच्या महागड्या मोटारींपुरतीच मर्यादित होती. फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेली बीटल ही स्वस्त, साधी आणि देखभालीस सोपी अशी जनतेची मोटार होती. तिच्यात अशा सोयीचा विचार झालेला नव्हता.

१९६० च्या दशकात अमेरिकेत बीटलचा खप वाढला. दक्षिणेकडील उष्ण राज्यांतील ग्राहकांची मागणी लक्षात घेऊन तेथील विक्रेते स्वतंत्रपणे तयार केलेले वातानुकूलन संच मोटारीत बसवून देऊ लागले. या संचांत बहुधा यॉर्क या कंपनीचा दोन दट्ट्यांचा कॉम्प्रेसर असे. तो टिकाऊ असला तरी आकाराने मोठा होता आणि चालताना इंजिनाला जाणवण्याइतके धक्के देई. आज नव्याने यंत्रणा बसवताना पाच दट्ट्यांचे, आकाराने लहान आणि तुलनेने संथ चालणारे कॉम्प्रेसर पसंत केले जातात.

कार्यतत्त्व

मोटारीतील वातानुकूलन थंडी निर्माण करत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. कॉम्प्रेसर वायुरूप शीतकावर दाब देतो, त्यामुळे त्याचे तापमान वाढते. हा तप्त वायू कंडेन्सरमध्ये बाहेरील हवेला उष्णता देऊन द्रवरूप होतो. पुढे ड्रायर नावाच्या नळकांड्यात त्यातील ओलावा व कचरा अडवला जातो. प्रसरण झडपेतून जाताना द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि तो अतिशय थंड होतो. मग कूलिंग कॉइलमध्ये आतील हवेची उष्णता घेऊन त्याची वाफ होते व तो पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो.

कंडेन्सरला केवळ आतील उष्णता नव्हे, तर कॉम्प्रेसरने खर्च केलेली ऊर्जाही बाहेर टाकावी लागते. उदाहरणार्थ, आतून ३ किलोवॅट उष्णता काढण्यासाठी कॉम्प्रेसरला १ किलोवॅट लागत असेल, तर कंडेन्सरवर ४ किलोवॅटचा भार पडतो. म्हणून कंडेन्सरचा आकार आणि त्यावरून वाहणारी हवा यांवर संपूर्ण यंत्रणेचे यश अवलंबून असते.

रचनेतील अडचणी

शक्ती: १९६० च्या दशकातील बीटल १२०० या प्रारूपाची शक्ती ३४ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे २५ किलोवॅट होती. पुढे १३०० मध्ये ती ४०, १५०० मध्ये ४४ आणि १६०० मध्ये ५० अश्वशक्तीपर्यंत गेली. कॉम्प्रेसरने पूर्ण भारावर २ ते ३ किलोवॅट घेतल्यास १२०० च्या कमाल शक्तीचा सुमारे दहावा भाग त्यातच खर्ची पडतो. चढावर किंवा वाहन ओलांडताना हा फरक स्पष्ट जाणवतो. म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता कॉम्प्रेसरचा क्लच सुटेल असा स्विच बसवतात. इंजिन उभ्या जागी चालू असताना बंद पडू नये यासाठी त्याची किमान गती किंचित वाढवणारे साधनही जोडले जाते.

इंजिनाचे शीतन: बीटलच्या इंजिनाला थंड ठेवणारा पंखा डायनॅमोच्या आसावरच बसवलेला असतो आणि दोघांनाही एकच पट्टा फिरवतो. हा पट्टा तुटताच चार्जिंग थांबून लाल दिवा लागतो. पण त्याच क्षणी इंजिनाला मिळणारी थंड हवाही बंद झालेली असते. त्यामुळे हा दिवा लागल्यावर मोटार ताबडतोब थांबवणे आवश्यक असते. कॉम्प्रेसरसाठी दुसरा पट्टा बसवावा लागतो. तो तुटून मूळ पट्ट्यात अडकणार नाही, अशी त्याची मांडणी असावी लागते.

इंजिनाभोवती बसवलेले पत्रे वरील थंड हवा आणि खालील तप्त हवा यांना वेगळे ठेवतात. नळ्या नेण्यासाठी या पत्र्यांना पाडलेली भोके रबरी कडी लावून बंद केली नाहीत, तर तापलेली हवा पुन्हा पंख्याकडे ओढली जाते. या इंजिनात तेल केवळ अडीच लिटर असते आणि उष्णता वाहून नेण्याचे बरेच काम तेच करते. जुन्या इंजिनांत तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत असल्याने तिसऱ्या सिलिंडरला तुलनेने गरम हवा मिळे. १९७१ च्या १६०० प्रारूपांत तो आवरणाबाहेरील वेगळ्या कप्प्यात नेण्यात आला. वातानुकूलन बसवण्यासाठी ही नंतरची रचना अधिक योग्य ठरते.

कंडेन्सरची जागा: पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीत कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि तोच पंखा दोघांना पुरतो. बीटलमध्ये रेडिएटरच नाही आणि पुढील भागात पेट्रोलची टाकी, सुटे चाक व सामानाची जागा असते. त्यामुळे कंडेन्सर मोटारीच्या तळाशी किंवा मडगार्डच्या आतील बाजूस बसवून त्याला स्वतंत्र विद्युत पंखे दिले जातात. तळाशी बसवलेल्या कंडेन्सरवर चिखल व खडी उडत असल्याने जाळी आणि नियमित सफाई लागते. इंजिनाच्या हवेचे झरोके मागील काचेखाली असतात. कंडेन्सरवरून गेलेली गरम हवा तेथे पोहोचेल अशी मांडणी टाळावी लागते.

वीज: सुरुवातीच्या बीटलमधील विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची होती. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना १९६७ च्या प्रारूपापासून १२ व्होल्ट मिळाले. १२ व्होल्ट व ३० अँपिअरचा डायनॅमो पुरेशा गतीवर ३६० वॅट देतो. आतील पंख्यास १२०, क्लचला ४५ आणि कंडेन्सरच्या दोन पंख्यांना मिळून १८० वॅट धरल्यास केवळ वातानुकूलनच ३४५ वॅट घेते. मग दिवे, वायपर व इग्निशनसाठी जवळजवळ काहीच उरत नाही. शिवाय मंद गतीवर डायनॅमोची निर्मिती अगदी कमी होते, आणि वाहतूक कोंडीत नेमकी तेव्हाच थंड हवेची गरज जास्त असते. त्यामुळे वातानुकूलनापूर्वी अल्टरनेटर बसवणे ही या कामाची पहिली पायरी मानली जाते. पट्ट्याऐवजी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर हा सोपा पर्याय वाटतो. परंतु १,२०० वॅटच्या अशा यंत्रास १२ व्होल्टवर १०० अँपिअर प्रवाह लागतो, आणि तो मूळ डायनॅमोच्या क्षमतेच्या तिपटीहून अधिक आहे.

शीतक

जुन्या संचांत आर-१२ हा शीतक वापरला जाई. तो ओझोन थराचा नाश करतो हे सिद्ध झाल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद झाले. त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. हा वायू ओझोनला अपाय करत नाही, मात्र जागतिक तापमानवाढीस तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक कारणीभूत ठरतो. म्हणून नव्या मोटारींत आर-१२३४वायएफ हा शीतक वापरात आला आहे.

जुना संच नव्या शीतकावर चालवायचा असल्यास केवळ वायू बदलणे पुरत नाही. आर-१२ सोबतचे खनिज तेल आर-१३४ए मध्ये नीट मिसळत नाही. त्यामुळे तेल, रबरी कडी आणि ड्रायर बदलावे लागतात. गळती रोखणारे आतील अस्तर असलेल्या नळ्याही लागतात. बीटलमध्ये इंजिन मागे आणि कूलिंग कॉइल पुढे असल्याने नळ्यांची लांबी वाढते व गळतीचा धोकाही वाढतो. स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वालाग्राही वायू शीतक म्हणून भरणे धोक्याचे आहे, कारण कूलिंग कॉइल प्रवाशांच्या कक्षातच असते आणि गळती झाल्यास वायू तेथेच साठतो.

बसवण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी इंजिनाची दुरुस्ती, पट्ट्यांची तपासणी आणि हवा अडवणारे पत्रे व रबर पूर्ववत करणे आवश्यक असते. बीटलच्या आत येणारी उष्णता अनेकदा हीटरमधूनच येते. एक्झॉस्टभोवतीच्या हीटरच्या झडपा नीट बंद होत नसतील, तर वातानुकूलनाला त्या उष्णतेशीही झगडावे लागते. दारे व काचांचे रबर बदलणे आणि गालिच्याखाली उष्णतारोधक थर देणे हे स्वस्त उपाय लहान यंत्रणेलाही पुरेसे परिणामकारक करतात.

त्यानंतर कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि डॅशबोर्डखालील कूलिंग कॉइलची पेटी बसवतात. पेटीत साचणारे पाणी नळीने तळाबाहेर सोडावे लागते, अन्यथा जमिनीचा पत्रा गंजतो. जोडणी झाल्यावर नायट्रोजनने गळती तपासतात, निर्वात पंपाने हवा व ओलावा काढतात आणि शीतक वजन करून भरतात. अंदाजाने जास्त शीतक भरल्यास दाब वाढतो आणि थंडावा उलट कमी होतो. दाब मर्यादेबाहेर गेल्यास क्लच बंद करणारा स्विच प्रत्येक यंत्रणेत असावा.

सुरक्षितता

बीटलच्या मधल्या बोगद्यातून गिअरचा दांडा, तारा आणि पेट्रोलची नळीही जाते. त्यामुळे पेटी किंवा नळ्या पक्क्या करण्यासाठी बोगद्यात स्क्रू मारल्यास पेट्रोलची नळी फुटून आग लागण्याचा धोका असतो. बॅटरी मागील आसनाखाली असल्याने तिच्यापासून निघणाऱ्या प्रत्येक नव्या तारेला फ्यूज आणि पंख्यांना रिले आवश्यक असतो.

मौलिकता व नियम

ऐतिहासिक वाहनांच्या जतनासाठी काम करणाऱ्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेनुसार आवश्यक ते बदल मूळ रचना व रूपास बाधा न आणणारे आणि उलटवता येण्याजोगे असावेत. वातानुकूलनास हा निकष लावल्यास मूळ छिद्रांचाच वापर करणे, पत्रा न कापणे, काढलेले भाग जपून ठेवणे आणि केलेल्या बदलांची नोंद करणे या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी तरतुदी करण्यात आल्या. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले आणि मूळ स्वरूपात राखलेले खासगी वाहन त्यांत मोडते; चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. त्यामुळे अशी नोंदणी करू इच्छिणाऱ्या मालकासाठी कोणताही भाग कायमचा न बदलणारी वातानुकूलन यंत्रणाच हितावह ठरते.