जुनी लिस्प फाइल, नवे ऑटोकॅड

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. एका स्थापत्य कार्यालयात ऑटोकॅडची नवी आवृत्ती बसवली. जुन्या ड्राफ्ट्समनने लिहिलेली आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली लिस्प फाइल आता 'अननोन कमांड' म्हणते. लिहिणारा निवृत्त झाला आहे. अशा वेळी फाइल उघडून तिच्या ओळी बदलण्याचा मोह होतो. तो आवरा आणि आधी ती फाइल कोणत्या काळातली आहे ते पाहा.

ऑटोकॅड १९८२ मध्ये आले आणि १९८६ मध्ये त्याला ऑटोलिस्पची जोड मिळाली. तिचा पाया डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्पचा होता. भाषा म्हणून ती फारशी बदललेली नाही, तेव्हाचे साधे फंक्शन बहुधा आजही चालते. बदलत गेली ती तिच्या भोवतालची व्यवस्था.

त्यातला मोठा बदल १९९९ चा. रिलीज १४ पर्यंत एका वेळी एकच ड्रॉइंग उघडे असे आणि फाइल लिहिणाऱ्याने तेच गृहीत धरलेले असे. ऑटोकॅड २००० मध्ये अनेक ड्रॉइंग एकत्र उघडता येऊ लागली, पण प्रत्येकाची चले आणि फंक्शने वेगळी झाली. 'अकॅड.एलएसपी' सुरुवातीला एकदाच वाचली जाऊ लागली, तर दर ड्रॉइंगसाठी 'अकॅडडॉक.एलएसपी' हे नवे नाव आले. म्हणून पहिल्या ड्रॉइंगमध्ये चालणारी आज्ञा दुसऱ्यात अनोळखी ठरत असेल, तर दोष बहुधा इथे असतो.

पुढे सुरक्षिततेचा प्रश्न आला. २०१२ मध्ये मुख्यतः पेरूमध्ये ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला 'मेड्रे' हा व्हायरस आढळला. तो लोकांची ड्रॉइंग चोरून ईमेलने पाठवत असे. ऑटोकॅड २०१४ मध्ये 'सिक्युअरलोड' आले. विश्वासू ठरवलेल्या फोल्डरबाहेरची फाइल आता इशारा देऊनच उघडते. सेटिंग कडक असेल, तर उघडतच नाही. संदेश मात्र तोच, 'अननोन कमांड'. नव्या आवृत्तीत फोल्डरचा जुना मार्ग नोंदवायचा राहिला, तरीही तोच. (खरे तर आधी हेच तपासावे.)

इथवरच्या बिघाडांत निदान संदेश तरी येतो. खरी भीती गप्प राहणाऱ्या चुकीची आहे. नव्या आवृत्तीत जुनी सेटिंग आणली नाहीत, तर 'ऑस्मोड' मूळ स्थितीत, म्हणजे ऑब्जेक्ट स्नॅप चालू, असे येते. लिस्पमधून दिलेला अचूक बिंदू मग जवळच्या रेषेच्या टोकाला चिकटू शकतो. भिंत थोडी सरकते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. म्हणून जुन्या आवृत्तीत काढलेले एखादे ड्रॉइंग घ्या, तेच नव्यात पुन्हा काढा आणि दोन्ही एकावर एक ठेवून मापे जुळवा. फरक दिसला, तर 'ऑस्मोड' शून्य करून फाइल पुन्हा चालवा.