पडीक लहरींचा इतिहास

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या खिशांत आज एक बिनतारी यंत्र असतें, पण ह्याची जाणीव फारच थोड्यांस असेल. स्मार्टफोन हा संदेश पाठविणारा व घेणारा रेडिओच होय. त्यांतील पडदा, कॅमेरा वा ध्वनिग्राहक यांस मालक हवें तसें राबवूं शकतो; रेडिओच्या अंतर्भागास मात्र त्याला हात लावतां येत नाहीं. मालकाचीच गोष्ट कशाला, फोनसाठीं प्रोग्रॅम लिहिण्यावर ज्याची उपजीविका चालते त्या तज्ज्ञासही तें दार बंदच आहे. ही बंदी योग्य कीं अयोग्य, हें ठरविण्यापूर्वीं थोडें मागें वळून पाहणें इष्ट होईल.

१९१२ पूर्वीं अमेरिकेंत बिनतारी संदेश पाठविण्यास परवाना लागत नसे. शाळकरी मुलें घरच्या घरीं यंत्रें बनवीत, आणि त्यांच्या गलक्यांत आरमाराचे संदेश बुडून जातात अशी तक्रार होई. एप्रिल १९१२ मध्यें टायटॅनिक जहाज बुडालें आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें कायदा झाला. त्यानें हौशी मंडळींस २०० मीटरांहून अधिक लांबीच्या लहरी वर्ज्य केल्या. दूरचा पल्ला गांठावयाचा तर लांब लहरीच हव्यात, अशी तत्कालीन जाणत्यांची समजूत होती. तेव्हां आखूड लहरी म्हणजे निव्वळ पडीक जमीन! ती ह्या उपद्व्यापी पोरांच्या पदरांत टाकण्यांत कोणाचें कांहींच जात नव्हतें.

झालें तें उलटेंच. नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्सांतील नीस येथील लेआँ देलुआ ह्या हौशी गृहस्थानें सुमारें ११० मीटरांच्या लहरीवर अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांतील फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ यांच्याशीं अटलांटिक महासागरापलीकडे संदेशांची देवाणघेवाण केली. ज्यासाठीं कंपन्यांना उत्तुंग मनोरे व प्रचंड विद्युच्छक्ति लागे, तें घरगुती यंत्रांनीं साधलें! वातावरणाच्या वरच्या विद्युद्भारित थरावरून ह्या लहरी परावृत्त होऊन पृथ्वीवर परततात. त्या थराचा प्रत्यक्ष पुरावा अ‍ॅपल्टननें पुढच्याच वर्षीं मिळविला. मार्कोनीच्या कंपनीचे प्रयोगही त्याच सुमारास चालू होते, हें नमूद केलें पाहिजे. १९२७ मध्यें आमच्या पुण्याजवळ खडकीस व दौंडास उभारलेल्या ठाण्यांमार्फत विलायतेशीं जी संदेशांची ये-जा सुरू झाली, ती अशाच आखूड लहरींवर.

आतां फोनकडे वळूं. त्यांत दोन कारभारी नांदतात. मुख्य प्रोसेसर आपले प्रोग्रॅम चालवितो. बेसबँड नांवाचा दुसरा प्रोसेसर मनोऱ्याशीं बोलतो. दुसऱ्याचा प्रोग्रॅम चिप बनविणाराच लिहितो व गुप्त ठेवतो. पहिल्यानें फक्त ‘फोन लाव’, ‘माहिती आण’ असें सांगावयाचें. तें कसें केलें, हें विचारावयाचें नाहीं. ह्यास कारण आहे, व तें पोकळ नाहीं. लहरी परवान्याच्या असतात. एका फोनानें मर्यादा सोडली तर शेजारच्या अनेकांचें संभाषण तुटेल.

तथापि बंद दाराआड काय असतें, हेंही एकदां दिसलें. २०१० मध्यें हाराल्ड वेल्टे व त्याचे सहकारी यांनीं मोटोरोलाच्या जुन्या, स्वस्त फोनांसाठीं बेसबँडचा नवा प्रोग्रॅम लिहून तो सर्वांस खुला केला. त्याच वर्षीं डिसेंबरांत बर्लिन येथें कार्स्टेन नोल व सिल्व्हाँ म्युनो यांनीं तसल्या फोनांच्या साह्यानें जीएसएम पद्धतीचें संभाषण चोरून ऐकतां येतें, हें प्रत्यक्ष करून दाखविलें. चोरास वाट दाखविली, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु कुलूप कच्चें होतें तें आधींपासूनच. घरधन्यास तें आतां कळलें, इतकेंच.

सर्व दारें सताड उघडावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, शक्तीची मर्यादा पाळावी. हौशी मंडळी हें आजवर करीत आलीच आहेत. पण शिकणाऱ्यास स्वतःच्या यंत्रांत चुका करावयास एक कोपरा हवा. १९१२ च्या कायद्यानें पोरांना बाजूस सारतांना निदान एक पडीक तुकडा ठेवला, आणि त्यावर सोनें पिकलें. आमच्या खिशांतील यंत्रांत तेवढाही तुकडा उरलेला नाहीं.