प्रथम वर्षातील निवड : हार्वर्डमधील ऐच्छिक पद्धती व गणित-विज्ञानाचे स्थान

विद्यापीठात नव्याने प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याने गणित व विज्ञान यांतील कोणते विषय घ्यावेत, हे विद्यापीठाने ठरवावयाचे की विद्यार्थ्याने? वरवर पाहता हा प्रश्न केवळ वेळापत्रकाचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात ज्ञानशाखांच्या परस्परसंबंधाविषयी आणि सतराअठरा वर्षांच्या तरुणाच्या विवेकाविषयी काही गृहीतकृत्ये दडलेली असतात. या गृहीतकृत्यांची कसोटी पाहणारा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झाला. संपूर्ण सक्तीपासून जवळजवळ संपूर्ण स्वातंत्र्यापर्यंतचा आणि तेथून अर्ध्या वाटेने परतण्याचा हा इतिहास आहे.

१६३६ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयात सुमारे दोन शतके एका वर्गातील सर्व विद्यार्थी तेच ते विषय शिकत. ग्रीक, लॅटिन व गणित हे या शिक्षणाचे आधारस्तंभ होते. गणित व निसर्गविज्ञान यांचे हॉलिस अध्यासन १७२७ मध्येच निर्माण झाले होते. तथापि विज्ञान व्याख्यानांतून ऐकावयाचे, प्रयोग अध्यापकाने करावयाचे व विद्यार्थ्यांनी पाहावयाचे, अशीच रीत होती.

या सक्तीला एक मोठे खिंडार गणिताच्या अध्यापकानेच पाडले, ही गोष्ट लक्षणीय आहे. बेंजामिन पर्स यांच्या आग्रहावरून १८३८ च्या सुमारास प्रथम वर्षानंतर गणित ऐच्छिक झाले. पर्स यांना गणिताविषयी अनास्था होती असे मुळीच नाही; त्या काळातील अमेरिकेतील ते अग्रगण्य गणिती होते. अनिच्छेने बसलेल्या वर्गापुढे उच्च गणित शिकविणे अशक्य आहे, हा त्यांचा अनुभव होता. मोजक्या पण उत्सुक विद्यार्थ्यांना पुढे नेता यावे म्हणून त्यांना इतरांची सुटका हवी होती. अशा रीतीने निवडीच्या स्वातंत्र्यामागे केवळ विद्यार्थ्याचे हित नव्हते, तर विषयाच्या उन्नतीचाही विचार होता. मात्र पर्स यांनी प्रथम वर्षाला हात लावला नव्हता, हे विसरता येत नाही.

ते कार्य चार्ल्स विल्यम एलियट यांच्या कारकिर्दीत झाले. एलियट स्वतः गणित व रसायनशास्त्र यांचे अध्यापक होते. १८६९ मध्ये अध्यक्षपद स्वीकारताना त्यांनी साहित्य व विज्ञान यांच्यात विरोध नाही, दोन्ही उत्तम प्रकारे उपलब्ध असावीत, अशी भूमिका घेतली. पुढे क्रमाक्रमाने बंधने सैल झाली. चतुर्थ वर्षाचे सक्तीचे विषय १८७२ मध्ये, तृतीय वर्षाचे १८७९ मध्ये व द्वितीय वर्षाचे १८८४ मध्ये रद्द झाले. १८८५ मध्ये प्रथम वर्षाची सक्तीही बरीच कमी करण्यात आली. १८९७ पर्यंत सक्तीचे म्हणून प्रथम वर्षातील इंग्रजी लेखन तेवढे उरले. गणिताचा किंवा विज्ञानाचा एकही तास न करता पदवी मिळविणे आता शक्य झाले.

प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मॅकॉश यांनी १८८५ मध्ये न्यूयॉर्क येथे एलियट यांच्याशी जाहीर वाद केला. अपरिपक्व तरुण सोपे ते निवडील व बुद्धीला शिस्त लावणारे विषय टाळील, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. एलियट यांचा विश्वास याच्या उलट होता. प्रत्येकाचा बौद्धिक कल भिन्न असतो आणि त्या कलानुसार केलेले श्रमच फलद्रूप होतात, असे ते मानीत.

या वादात एक गोष्ट बहुधा दृष्टिआड होते. महाविद्यालयातील सक्ती नाहीशी होत असतानाच प्रवेशाच्या उंबरठ्यावर ती दृढ होत होती. बीजगणित व भूमिती हे प्रवेशपरीक्षेचे विषय होतेच. त्यांत १८८० नंतरच्या दशकात पदार्थविज्ञानातील प्रत्यक्ष प्रयोगांची भर पडली. त्यासाठी सुमारे चाळीस प्रयोगांची यादी एडविन हॉल यांनी तयार केली. विद्युत्‌प्रवाहावरील चुंबकीय क्षेत्राच्या ज्या परिणामाला त्यांचे नाव मिळाले तो त्यांनीच १८७९ मध्ये शोधला होता. १८९२ मध्ये माध्यमिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या दहा जणांच्या समितीचे अध्यक्षही एलियटच होते. यावरून असे दिसते की, सक्ती संपली नव्हती. तिचे स्थलांतर झाले होते. प्रथम वर्षाचे स्वातंत्र्य हे शाळेने घातलेल्या पायावर उभे होते, आणि ज्यांच्या शाळेने तो पाया घातला नव्हता त्यांच्यापर्यंत ते पोहोचतच नव्हते.

आत आलेल्यांनी त्या स्वातंत्र्याचा कसा उपयोग केला? १९०३ मध्ये अध्यापकांच्या एका समितीने केलेल्या चौकशीत, विद्यार्थी अध्यापकांच्या समजुतीपेक्षा फारच कमी अभ्यास करतात, असे आढळून आले. त्या समितीतील अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल १९०९ मध्ये अध्यक्ष झाले. लवकरच सोळा अभ्यासक्रमांपैकी सहा एका क्षेत्रात, सहा अन्य गटांत व उरलेले चार स्वेच्छेने, अशी योजना अंमलात आली. ज्ञानक्षेत्राचे चार गट करण्यात आले. त्यांत निसर्गविज्ञानांचा गट स्वतंत्र होता, गणित मात्र तत्त्वज्ञानाच्या जोडीला बसविण्यात आले. म्हणजे विज्ञान प्रत्येकाला चाखावे लागले, तरी गणिताच्या जागी तत्त्वज्ञान घेण्याची वाट मोकळीच राहिली. लॉवेल स्वतः गणितात विशेष प्रावीण्य मिळविलेले पदवीधर होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याच व्यवस्थेत गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी शिकले व १९२९ मध्ये पदवीधर झाले. केवळ गणितावर लक्ष केंद्रित करावे, असा जॉर्ज बर्कहॉफ यांचा त्यांना सल्ला होता. कोसंबींनी गणिताबरोबर भाषा व इतर विषयांतही संचार केला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या या पंडिताने प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाला संख्याशास्त्राची जोड दिली आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. एका असामान्य उदाहरणावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. तरीही हे उदाहरण एक गोष्ट सुचविते : गणित हाती असलेल्याला इतिहासाकडे वळता आले, इतिहासाकडून उलट वाट तितकी सुगम नसते.

१९४५ मध्ये जेम्स ब्रायंट कोनंट यांच्या अध्यक्षतेच्या काळात सामान्य शिक्षणाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटले. जो वैज्ञानिक होणार नाही त्याने कोणते विज्ञान शिकावे? रसायनशास्त्रज्ञ कोनंट यांनी यासाठी बॉइलचे वायुविषयक प्रयोग किंवा फ्लॉजिस्टन सिद्धान्ताचा पाडाव यांसारख्या ऐतिहासिक प्रकरणांवर आधारित अभ्यासक्रम आखला. त्याच्या अध्यापनात साहाय्य करताना पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी थॉमस कून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. भारतातही राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष सक्तीच्या किंवा स्वातंत्र्याच्या निरपवाद समर्थनाचा नाही. सर्व विषय निवडीच्या दृष्टीने समान आहेत, हे ऐच्छिक पद्धतीचे गृहीतकृत्य सदोष होते. एखाद्या कालखंडाचा इतिहास प्रथम वर्षी सोडला तरी तो तृतीय वर्षी घेता येतो. गणित पायरीपायरीने चढावे लागते. कलन सोडणाऱ्याला पदार्थविज्ञानाचा वरचा मजला बंद होतो आणि तो बंद झाल्याचे त्याला पुष्कळदा उशिरा कळते. महाराष्ट्रात १९७५ पासून दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालयाची व्यवस्था आली, तेव्हा गणित, जीवशास्त्र की दोन्ही, हा निर्णय अकरावीच्या दारात येऊन ठेपला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय निवडीचा पुरस्कार केला असताना हार्वर्डचा अनुभव म्हणूनच विचारात घेण्याजोगा ठरतो. निवडीचा अधिकार देणाऱ्या विद्यापीठावर, कोणती निवड पुन्हा फिरविता येणार नाही, हे विद्यार्थ्याला वेळीच सांगण्याचे कर्तव्यही येते.