कोरडे पाय : हिवाळी सुटीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रवासाच्या इतिहासात पर्वत येतात, घाट येतात, आगगाड्या आणि हॉटेले येतात. पायांतले बूट क्वचितच येतात. आल्प्समधल्या हिवाळी पर्यटनाविषयी वाचताना ही उणीव आम्हांला विशेष जाणवली. ऐन थंडीत केवळ मौजेसाठी बर्फात जावे, ही कल्पना दोनशे वर्षांपूर्वी बहुतेक युरोपीयांना वेडगळ वाटली असती. पुढे ती प्रतिष्ठित झाली, त्याचे श्रेय रेल्वेला, डॉक्टरांना आणि हॉटेलमालकांना दिले जाते. ते खरेच आहे. पण दिवसभर बर्फात हिंडून आलेल्या पाहुण्याचा भिजलेला बूट दुसऱ्या दिवशी सकाळी घालण्याजोगा कोण करून ठेवीत होते, हे विचारल्यावाचून तो इतिहास पुरा होत नाही, असे आमचे मत आहे.

या कथेची सुरुवात सेंट मॉरित्झपासून करण्याचा प्रघात आहे. १८६४ साली तिथला हॉटेलमालक योहानेस बाड्रुट याने उन्हाळ्यात आलेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली : हिवाळ्यात या, ऊन मिळेल, न मिळाल्यास प्रवासखर्च माझा. पाहुणे आले आणि वसंत ऋतूपर्यंत राहिले, म्हणे. कथा सांगोवांगीची आहे, तरी तीत न सांगितलेला भाग आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. सेंट मॉरित्झला रेल्वे पोचली १९०४ साली. तोवर हिवाळ्यातला शेवटचा टप्पा घोड्यांच्या घसरगाडीतून, उघड्या खिंडीवरून पार करावा लागे. अशा प्रवासात चालणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याचे हाल अधिक. शरीर हालत नाही, रक्त हातापायांच्या टोकांकडून आत ओढले जाते आणि बोटे बधिर होतात. म्हणून पायांखाली पेंढा, पायांभोवती लोकरीची किंवा फरची पिशवी आणि ऐपत असल्यास गरम पाण्याने भरलेला धातूचा डबा. असे डबे त्या काळच्या आगगाड्यांतही मिळत. थंडीतल्या प्रवासाची सारी विद्या पावलांपाशी येऊन थांबत होती.

दावोसला माणसे येत ती क्षयरोगावर उपाय म्हणून. आर्थर कॉनन डॉइल पत्नीच्या याच दुखण्यापायी तिथे राहिला होता. २३ मार्च १८९४ रोजी टोबियास आणि योहान ब्रँगर या स्थानिक बंधूंसह तो स्कीवरून माइनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून आरोसाला गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात त्याने त्यावर मोठा गमतीदार लेख लिहिला. त्या काळी स्कीसाठी वेगळा बूट असा जवळजवळ नव्हताच. डोंगरात चालण्याचा चामडी बूट पट्ट्यांनी लाकडी फळीला बांधायचा, इतकेच. पट्टा सैल राहिला तर फळी निसटे आणि घट्ट आवळला तर रक्ताभिसरण अडून बोटांना हिमदंश होण्याची भीती.

चामड्याचा स्वभाव येथे थोडा समजून घ्यायला हवा. ते बाहेरून बर्फाने भिजते, हे दिसते. आतून घामाने भिजते, ते दिसत नाही. रात्री थंड खोलीत ठेवलेला ओला बूट सकाळी दगडासारखा गोठलेला असतो. म्हणून तो शेगडीपाशी ठेवण्याचा मोह होतो आणि तिथेच घात होतो. ओले चामडे कोरड्या चामड्यापेक्षा फार कमी उष्णतेत आकसते, कडक होते, मग भेगाळते. जाणत्यांची रीत वेगळी होती : आत कागदाचे बोळे किंवा कोरडे ओट भरायचे, ओल त्यांना शोषू द्यायची, आचेपासून दूर सावकाश वाळवायचे आणि मग चरबी चोळायची. कोल्हापुरी चपला पावसाळ्यात बाहेर न काढणाऱ्या आणि एरवी त्यांना तेल देणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना यातले काहीच नवे वाटले नसते.

खरे तर ही विद्या सुटीवर जाणाऱ्यांची नव्हेच. उत्तर स्कँडिनेव्हियातले सामी लोक रेनडिअरच्या कातड्याच्या पादत्राणात मोज्यांऐवजी गवत घालीत. पाणथळ जागी उगवणारे हे लव्हाळ्याच्या जातीचे गवत उन्हाळ्यात कापायचे, बडवून मऊ करायचे, वळून त्याच्या वेण्या करून ठेवायच्या. गवताच्या काड्यांमध्ये हवा कोंडून राहते, म्हणून ऊब टिकते. आणि ते घाम शोषते. रात्री ते बाहेर काढून, झटकून वाळवले की सकाळी पुन्हा कामाला येते. १९९१ साली आल्प्सच्या हिमनदीत सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पादत्राणातही गवतच भरलेले होते, सालीच्या दोरांच्या जाळीने जागच्या जागी धरलेले. इतक्या दूरच्या दोन ठिकाणी माणसे एकाच उत्तरापाशी आली, याचे आम्हांला राहून राहून नवल वाटते.

या विद्येची किंमत नॉर्वेजियनांना माहीत होती. १९११ साली दक्षिण ध्रुवाकडे निघण्यापूर्वी आमुंडसेनच्या माणसांनी अंटार्क्टिकावरच्या तळावर अख्खा हिवाळा आपले स्कीचे बूट उसवून, मोठे करून, पुन्हा शिवण्यात घालवला, कारण आत मोज्यांच्या अनेक थरांना जागा हवी होती. तरीही सप्टेंबरात घाईने केलेली पहिली कूच उणे ५० अंशांहून खालच्या थंडीत फसली, तिघांच्या टाचांना हिमदंश झाला आणि सारे परतले. पुन्हा शिवणकाम झाले. १४ डिसेंबर १९११ रोजी ते ध्रुवावर पोचले. ही शिवणाची सुई कोणत्या स्मारकावर आहे, हे आम्ही शोधून थकलो!

हॉटेलात मात्र ही जबाबदारी दुसऱ्याची होती. इंग्लंडातल्या खाणावळींत पाहुण्यांचे बूट साफ करणाऱ्या नोकराला ‘बूट्स’ असेच म्हणत; माणसाला त्याच्या कामाच्या वस्तूचे नाव. चार्ल्स डिकन्सच्या १८५५ मधल्या ‘द हॉली-ट्री इन’ या नाताळकथेत बर्फाने अडकून पडलेल्या प्रवाशाला गोष्ट सांगणारा हाच ‘बूट्स’ आहे. रात्री खोलीच्या दाराबाहेर ओले बूट ठेवायचे आणि सकाळी ते कोरडे, चकचकीत होऊन परत यायचे, ही सोय हिवाळी सुटीच्या मुळाशी होती. ती ज्यांच्या हातांनी घडली, त्यांची नावे पाहुण्यांच्या नोंदवहीत असण्याचे कारण नव्हते.

या सुटीला संघटित रूप देणाऱ्यांत हेन्री लन हे नाव मोठे. हे गृहस्थ मूळचे मिशनरी, काही काळ भारतात होते. त्यांचा मुलगा अर्नोल्ड १८८८ साली मद्रासेत जन्मला. उतारावरच्या स्की-शर्यतींचा पाया घालणारा तो हाच. १९११ साली सुरू झालेल्या त्याच्या पहिल्या चषकाचे नाव ‘रॉबर्ट्स ऑफ कंदहार’. कानपुरात जन्मलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी १८८० च्या ऑगस्टात काबूलहून कंदहारपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरची पायपीट फौजेकडून करवून घेतली होती, कारण त्याआधी मैवंदला ब्रिटिशांचा पराभव झाला होता. त्या पराभवात मुंबई लष्कराच्या देशी पलटणी होत्या. आणि डॉइलचा डॉक्टर वॉटसन जखमी झाला तोही तिथेच. त्या फौजेच्या पायांत काय होते आणि ते रात्री कोण वाळवीत होते, हा आणखी एका लेखाचा विषय आहे. असो.

कंदहारचे नाव पुढे बुटालाच चिकटले. १९३० च्या आसपास आलेल्या ‘कंदहार’ बंधनात पोलादी तार टाचेमागून ओढून टाच फळीवर दाबली जाई. त्यासाठी टाचेला खाच हवी आणि तळवा कडक हवा. असा जाड तळवा ओला होऊन वाळला की टोकाशी वर वळे. मग तो सरळ राहावा म्हणून बूट धातूच्या चिमट्यात आवळून ठेवीत. त्या चिमट्याला मूठ असे, म्हणजे प्रवासात बूट हातात नेता येत.

१९६० च्या दशकात बॉब लँग या अमेरिकनाने प्लास्टिकचा बूट बाजारात आणला आणि दहा-पंधरा वर्षांत चामडे उतारांवरून जवळजवळ हद्दपार झाले. कवचातून पाणी येईना, चरबीची गरज उरली नाही. काम मात्र संपले नाही. घाम आतल्या अस्तरात तसाच साठतो, म्हणून रोज संध्याकाळी अस्तर बाहेर काढून वाळवावे लागते, तेही हीटरपासून लांब. थंडीत प्लास्टिक ताठरते, म्हणून रात्री बूट मोटारीत ठेवायचे नाहीत. सकाळी पाय आत शिरत नाही. ठेवून देताना बकले सैलशी लावून ठेवायची, नाहीतर कवच फाकते. विमानाने जाणारे जाणते लोक फळ्या भाड्याने घेतात, पण बूट स्वतःजवळच्या पिशवीत नेतात. पायाला बेतलेला बूट हरवला तर सुटी गेलीच.

आपल्याकडून गुलमर्गला जाणाऱ्यांचा अनुभव याहून निराळा असतो. १९९८ साली तिथे गोंडोला सुरू झाला आणि २००५ साली त्याचा दुसरा टप्पा. खाली तंगमर्गला गमबूट आणि ओव्हरकोट भाड्याने मिळतात. त्या गमबुटात आधीच्या पाहुण्याची ओल आहे की नाही, हे पाय घातल्यावरच कळते. कोरडे जादा मोजे जवळ ठेवावेत, एवढाच त्यावर उपाय. ते बूट संध्याकाळी गोळा करून वाळत घालणारी माणसे मात्र आजही फोटोत नसतात.

प्लास्टिक अमर आहे हा समजही खरा नाही. या बुटांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांवर हवेतल्या ओलाव्याचा वर्षानुवर्षे परिणाम होत राहतो. बूट कपाटात, न वापरता, नव्यासारखा चमकत असतो आणि आतून त्याची साखळी तुटत जाते. मग एखाद्या हिवाळ्यात मालक हौसेने तो काढतो, बकले लावतो, आणि पहिल्याच वळणावर कवचाचे तुकडे बर्फावर पडतात.